प्रबंधाचं वर्ड टेम्प्लेट: सात महिने वापरल्यानंतर

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवरचा माझा पीएचडीचा प्रबंध मार्चमध्ये एकदाचा बांधणीला गेला. सात महिने तो ज्या वर्ड टेम्प्लेटमध्ये बसवला, ते एका सीनियर ताईनं पेन ड्राइव्हवर दिलं होतं. तिलाही कुणाकडून तरी मिळालेलं. मूळ कुणाचं, देव जाणे. "घे, यात सगळं सेट आहे," म्हणाली.

होतं सेट, पण इंग्रजीसाठी.

ए-फोर पान, बांधणीसाठी डावीकडे दीड इंच समास, बाकी तिन्हीकडे एक इंच, दुप्पट ओळ-अंतर, प्रमाणपत्र नि ऋणनिर्देशाची पानं, सगळं तयार. मात्र नॉर्मल स्टाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या ठरलेल्या मांडणीत, टाइम्स न्यू रोमन १२ तेवढा ठरवलेला. देवनागरी वर्डच्या लेखी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'. तिचा फॉन्ट आणि आकार वेगळा साठवला जातो. हे मला कुठून माहीत असणार? दीड महिना मी मजकूर सिलेक्ट करून कोकिला फॉन्ट, आकार १६ करत बसले. (१६ ऐकून घाबरू नका, कोकिला दिसायला बारीकच असतो.) नवा परिच्छेद टाकला की पुन्हा मंगल ११ हजर.

इलाज दोन मिनिटांचा निघाला. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या भाषांत मराठी जोडायची, स्टाइलवर राइट क्लिक करून मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट. तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा स्वतंत्र कप्पा आहे, त्यात फॉन्ट नि आकार भरायचा. मग आधी हातानं केलेलं सगळं कंट्रोल-स्पेसनं पुसलं. त्यात नाटकांची तिरकी केलेली नावंही सरळ झाली, ती पुन्हा एकेक शोधून तिरकी केली. त्या रात्री मी कुणाशी बोलले नाही.

टेम्प्लेटचे पैसे वसूल झाले (फुकट होतं म्हणा) ते अनुक्रमणिकेत. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-१ दाबून शीर्षकाची स्टाइल लावायची, उपशीर्षकाला २, की अनुक्रमणिका आपोआप. सरांनी चौथ्या प्रकरणाचं नाव चारदा बदललं; दर वेळी राइट क्लिक करून अपडेट फील्ड, काम खलास. तक्त्यांचंही तसंच. मध्येच एक तक्ता घुसवला तरी पुढचे क्रमांक सरकतात, फक्त मजकुरात 'तक्ता ७ पाहा' हे हातानं न लिहिता क्रॉस-रेफरन्सनं टाकलेलं हवं. मी अर्धे हातानं लिहिले होते. भोगलं.

पानक्रमांकांसाठी एकच सांगते: सुरुवातीचे रोमन आणि प्रकरणांचे १ पासून हवे असतील तर मध्ये सेक्शन ब्रेक टाका आणि पुढच्या सेक्शनला 'फॉरमॅट पेज नंबर्स'मध्ये १, २, ३ निवडून 'स्टार्ट ॲट' १ करा. हा ब्रेक विसरलात तर प्रस्तावनेपासून उपसंहारापर्यंत सगळं रोमन होतं.

जुन्या फॉन्टवाल्यांसाठी कुठलंच टेम्प्लेट कामाचं नाही. माझी दोन प्रकरणं नागपुरातल्या महाल भागातल्या टायपिस्टनं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. युनिकोडमध्ये आणताना कन्व्हर्टरनं 'पूर्वरंग'चा रफार भलत्याच अक्षरावर नेला, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटल्या. जुन्या फॉन्टमध्येच ठेवायचा मोह झाला होता, पण प्रबंध प्रकरणवार पीडीएफ होऊन शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जातो आणि त्या फॉन्टमधला 'दंडार' (झाडीपट्टीतला लोकनाट्यप्रकार) हा शब्द शोधला तर सापडत नाही. आत सगळी रोमन अक्षरांची खिचडी असते. शेवटी ओळन् ओळ वाचून दुरुस्त केलं.

आणि शेवटचा दणका सीताबर्डीवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. प्रिंटसाठी वर्ड फाइलच घेऊन गेले. दुकानातला पोरगा स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "ताई, पानं पहा बरं, सारं हलून राहिलं." त्याच्या कॉम्प्युटरवर कोकिलाच नव्हता. विंडोज १० पासून कोकिला आणि मंगल हे देवनागरीच्या पुरवणी फॉन्टमध्ये गेलेत, ते वेगळे घ्यावे लागतात. नाहीतर दुसराच फॉन्ट येऊन बसतो. माझं सातवं प्रकरण अकरा पानं पुढे सरकलं होतं. भर दुपारी घरी परत, पीडीएफ केली, पुन्हा बर्डी.

दुरुस्त केलेलं टेम्प्लेट आता एका ज्युनिअर पोरीला दिलंय. स्टाइल कशी लावायची ते अर्धा तास बसून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं पहिलं प्रकरण पाठवलं. शीर्षक सिलेक्ट करून, बोल्ड करून, स्पेस दाबत दाबत मध्यभागी आणलेलं.