वाघ-बकरीचा लाकडी पट

जळगावातील एका दुकानातून घेतलेला हा पट नेपाळच्या ‘बाघचाल’ या खेळाचा आहे. यात 25 बिंदूंच्या पटावर 4 वाघ चार कोपऱ्यांत उभे राहतात आणि 20 बकऱ्या एकेक करून मांडल्या जातात. सर्व बकऱ्या मांडून होईपर्यंत एकीलाही जागचे हलता येत नाही. वाघ मात्र पहिल्यापासून मोकळा फिरतो आणि लगतच्या बकरीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी मारून तिला खातो. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघांचा डाव, चारही वाघ कोंडले की बकऱ्यांचा. कडेच्या बकरीवरून केवळ कडेच्याच रेषेने उडी मारता येत असल्याने आरंभी कडा धरणे श्रेयस्कर, हे नवख्याच्या (आणि उतावळ्याच्या) सहसा ध्यानात येत नाही.

पटाचे लाकूड भक्कम असून पितळी वाघ हातात घ्यावेसे वाटतात. प्लास्टिकच्या बकऱ्या मात्र इतक्या हलक्या आहेत की वैशाखात कूलर सुरू केला की त्या आपोआप चाल करतात. तिरप्या रेषांचा रंगही फिका असल्याने उडी वैध की अवैध यावरून वाद होतो. किंमत पाहता ही हयगय खटकते. आम्ही बकऱ्यांऐवजी चिंचोके वापरतो.