पायथनमध्ये पाथ (फाइल कुठे आहे तो पत्ता) जोडायला ओएस-पाथ-जॉइन की पाथलिब?
विंडोजवर पाथमध्ये उलटा स्लॅश, लिनक्स-मॅकवर सुलटा, हे माहीत असूनही मी एकदा पायथनमध्ये विंडोजचा पाथ हातानेच लिहिला, फोल्डरचं नाव इंग्रजी एनने सुरू होत होतं, झालं, उलटा स्लॅश आणि एन मिळून नवी ओळ बनली आणि फाइल काही सापडेना! ओएस-पाथ-जॉइन जुनं, साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) देतं, जुन्या कोडात बिनबोभाट चालतं, पण एकात एक घातलं की कंस मोजत बसा. पाथलिब पायथन 3.4 पासून आलंय, मधे भागाकाराचं चिन्ह टाकलं की पाथ जोडला, एक्स्टेंशन नि वरचं फोल्डरही लगेच मिळतं. नवीन कोड असेल तर मी डोळे झाकून पाथलिबच घेतो. फक्त दुसरा भाग स्लॅशने सुरू झाला तर आधीचं फोल्डर या दोन्ही पद्धतींत गुपचूप गायब होतं हं.