तेंदूचा लिलाव: पर्याय एक की पर्याय दोन?

गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, तोही मे महिन्याच्या उन्हात. पण तो कसा चालवायचा हे ग्रामसभेला हिवाळ्यातच ठरवावं लागतं. पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा 1996 चा, त्याचे महाराष्ट्राचे नियम 2014 चे. पेसाच्या गावांपुढे तेंदूसाठी दोन वाटा असतात आणि बोलण्यात सगळे त्यांना नुसतं ‘एक’ आणि ‘दोन’ म्हणतात. एक म्हणजे पानं वन विभागामार्फत विकायची, दोन म्हणजे ग्रामसभेनं स्वतः लिलाव करायचा. ज्यांच्या गावात यंदा यावर हात वर करायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बैठकीत पहिला विषय भावाचाच निघतो. ‘दोन’मध्ये ठेकेदार थेट गावाशी बोलतो आणि रॉयल्टी ग्रामसभेच्या कोषात येते. ‘एक’मध्ये मजुरी हंगामात हाती पडते, पण स्वामित्व शुल्कातली (म्हणजे रॉयल्टीतली) प्रोत्साहनात्मक मजुरी, म्हणजे बोनस, मागाहून, कागद फिरत फिरत येते. एवढं ऐकून कुणीही ‘दोन’ म्हणेल. 2017 च्या हंगामात भाव चढले तेव्हा तसंच झालं. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला, तेव्हा पानावर 18 टक्के आणि विडीवर 28 टक्के. पुढच्या हंगामात भाव आपटले आणि आदल्या वर्षीच्या आकड्यावर डोळा ठेवून बसलेली गावं चाट पडली. तेव्हा गेल्या वर्षी शेजारच्या गावाला काय भाव मिळाला, यावर यंदाचा ठराव करू नका. पडल्या बाजारात ‘एक’मध्येही एखाद्या घटकाला (लिलावासाठी पाडलेल्या जंगलाच्या भागाला) निविदाच येत नाही असं होऊ शकतं, हेही ध्यानात ठेवा.

माझ्या मते खरा फरक फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागेवर दिसतो. पहाटे तोडलेली पानं दुपारी घरी येतात. सगळं घर बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं आणि संध्याकाळी ते फळीवर ओळीनं मांडले जातात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मुन्शी, म्हणजे ठेकेदाराचा कारकून, ओळीतून चालत मोजतो आणि ‘खराब निघतात’ म्हणून शेकड्यामागे चार-पाच पुडे जास्तीचे मांडायला लावतो. एका फळीवर मी दोन संध्याकाळी नुसता बसून होतो. पहिल्या दिवशी वही मुन्शीकडे होती. दुसऱ्या दिवशी गावातली बारावी झालेली मुलगी दुसरी वही घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, तर जास्तीच्या पुड्यांची गोष्टच निघाली नाही. ‘एक’मध्ये ही दुसरी वही ठेवायला कुणी मनाई करत नाही, पण सहसा ठेवतही नाही. ‘दोन’मध्ये ती नसेल तर ग्रामसभेला आपण किती माल विकला हेच कळणार नाही.

‘दोन’मधला मोठा धोका वसुलीचा. एका गावात ठेकेदारानं पहिला हप्ता वेळेवर दिला, गोण्या उचलल्या आणि नंतर फोन घेणंच सोडलं. करारनामा होता, शिक्काही होता. पण जूनमध्ये बियाण्याला पैसा हवा असताना कोर्टाची पायरी कोण चढणार? गावाच्या हातातलं खरं कुलूप म्हणजे वाहतूक परवाना, त्याशिवाय माल बाहेर नेता येत नाही. 2011 मध्ये गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला बांबूसाठी परवान्यांचं पुस्तक मिळालं, ते द्यायला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले होते. एवढ्या मोलाचं पुस्तक हंगामात ठेकेदाराच्या माणसाकडे ‘सोयीसाठी’ देऊन ठेवू नका. जेवढे पैसे खात्यात, तेवढ्याच गोण्यांचा परवाना फाडा. अनामत आधी घ्या. गाव लहान असेल तर एकट्यानं लिलाव करू नका, थोड्या गोण्यांसाठी चांगला ठेकेदार येत नाही. गडचिरोलीतल्या कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे, तिथल्या लोकांशी एकदा बोलून या.

जंगलाचं म्हणाल, तर आग दोन्हीकडे लागते. कोवळी पानं जास्त फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, काही जण खालचा पाचोळा पेटवून देतात. करारात आगीची अट घालणं ‘दोन’मध्ये तुमच्या हातात आहे, एवढाच काय तो फरक.

तिसरी वाटही आहे, बैठकीत ती कुणी काढत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तेंदू तोडणंच थांबवलं. छाटणी आणि आगीनं जंगलाचं नुकसान होतं, आणि शेवटी पान जातं विडीला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे बांबूचं उत्पन्न होतं म्हणून ते जमलं. ज्या गावाला मे महिन्यात दुसरं रोख उत्पन्न नाही, त्याला हा सल्ला मी देणार नाही.

ठरावाला हात वर करण्याआधी सभेत एकच विचारा: वीस दिवस रोज संध्याकाळी फळीवर वही कोण धरणार? दोन नावं लगेच पुढे आली तर ‘दोन’. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर यंदा ‘एक’ घ्या आणि हंगामभर दुसरी वही लिहायची सवय लावा.