पाण्याचा थेंब घरंगळला म्हणजे जॅकेट वॉटरप्रूफ नव्हे

गेल्या मे महिन्यात साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचा सेल लागला होता. ‘परदेशी शिकाऱ्यांचे कपडे, एक्स्पोर्ट सरप्लस’ असा बाहेर फलक. जॅकेट आणि पँट मिळून ६,४०० रुपये. मी माझ्यासाठी एक आणि पुतण्यासाठी एक असे दोन सेट घेतले. १२,८०० रुपये गेले याचं वाईट वाटतंच. पण त्या कपड्यांच्या भरवशावर मी भर जुलैत त्या पोराला डोंगरात नेलं, हे जास्त लागून राहिलंय.

शिकारीला आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, मग शिकाऱ्याचे कपडे कशाला, असं कुणी विचारेल. मी पावसाळ्यात कास, बामणोली, ठोसेघर या पट्ट्यात पक्षी आणि बेडूक बघत फिरतो. जनावराच्या जवळ जायचं तर शिकाऱ्याला जे लागतं तेच आम्हालाही लागतं. चालताना सळसळ न करणारं मऊ कापड, मातकट रंग, करवंदीच्या जाळीत न फाटणारी गुडघ्यावर दुहेरी पँट. साधा रेनकोट पावलागणिक वाजतो आणि ऐन ओरडणारा बेडूक गप्प होतो. परदेशात शिकारीसाठी असे कपडे खास बनतात, हे माहीत होतं. ते इतक्या स्वस्तात गावात मिळतायत म्हटल्यावर मी हरखलो.

विक्रेता बोलायला गोड होता. त्यानं जॅकेट टेबलावर पसरलं आणि बिसलेरीची अर्धी बाटली त्यावर ओतली. पाण्याचे टपोरे थेंब झाले आणि अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे खाली गेले. कापड कोरडं. “दादा, हात लावून बघा,” म्हणाला. मी हात लावला, पुतण्यानं लावला, बाजूच्या दोघांनीही लावला. टॅगवर ‘वॉटरप्रूफ १५,००० मिमी’ छापलेलं होतं. तिथल्या तिथं पैसे यूपीआयनं दिले. बिल मागितलं तर म्हणाला, बिलबुक संपलंय, आणि एका चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली. मी ती घेतली. इथं माझं चुकलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कासच्या पुढे बामणोलीच्या अंगाला गेलो. सोबत तिथलेच एक वाटाडे होते, त्यांना आम्ही आबा म्हणतो. पठारावर वारा असा होता की पाऊस आडवा येत होता. पाऊण तासात माझे खांदे गार पडले. सॅकचे पट्टे जिथं दाबत होते तिथून पाणी आत येत होतं, मग कोपरांतून, मग पाठीच्या शिवणीतून. पँट ओली होऊन मांड्यांना चिकटली आणि इतकी जड झाली की पाय उचलवेना. पुतण्या आधी बडबड करत होता, तो गप्प झाला. त्याला चेन लावायला सांगितली तर बोटांत चेन धरता येईना. ओठ निळे, आणि मी विचारलेल्याचं उत्तर अडखळत.

आबांच्या अंगावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ आणि खाली घोंगडं. त्यांनी पोराचं जॅकेट उपसून काढलं, आतला ओला बनियन काढला, घोंगडं गुंडाळलं आणि वर स्वतःची खोळ घातली. “हितं थांबायचं न्हाई, खाली चला,” एवढंच म्हणाले. खालच्या वस्तीत एका घरात चुलीपुढं बसवून चहा पाजला, तेव्हा तासाभरानं त्याची थरथर थांबली. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, सुती कापड भिजलं की उलट अंगातली ऊब ओढून घेतं. हे मी पूर्वी वाचलं होतं, पण ते त्या दिवशी पोराच्या ओठांवर दिसलं.

घरी आल्यावर जॅकेट उलटं केलं आणि अंधारात मोबाईलचा टॉर्च बाहेरच्या बाजूनं शिवणीला टेकवला. आतून बघितलं तर सुईचं एकेक भोक ओळीनं उजळलं. खऱ्या वॉटरप्रूफ जॅकेटला प्रत्येक शिवणीवर आतून बोटभर रुंद टेप चिकटवलेली असते. इथं फक्त टोपीच्या काठाला दोन वीत टेप होती, जिथं गिऱ्हाईक बघतं तिथंच. आतला पांढरा थर नखानं खरवडला तर कोंड्यासारखा सुटला. पँटच्या शिवणीतला दोरा नव्हे, तर कापडाचाच एक धागा काढून जाळला. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. हा कागदासारखा जळला, वासही तोच, आणि राख झाली. म्हणजे बरंचसं सुती. लेबलवर मात्र ‘१०० टक्के पॉलिस्टर’.

आणि ते घरंगळणारे थेंब? कापडाच्या पृष्ठभागावर पाणी झटकणारा एक लेप देतात. तो साध्या छत्रीच्या कापडावर मारला तरी पाणी तसंच घरंगळतं. धुण्यानं आणि घासण्यानं तो जातो. मिलिमीटरचा आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीपर्यंत थेंब आत येत नाही, ते मोजतात. १०,००० मिमी म्हणजे १० मीटर उंचीचं पाणी. सॅकचा पट्टा दाबतो, गुडघा टेकतो, तिथं हा दाब झेलावा लागतो. टेबलावर ओतलेल्या अर्ध्या बाटलीनं यातलं काहीच कळत नाही. आणि शिवणीला टेप नसेल तर कापड कितीही चांगलं असो, पाणी भोकांतून येणारच.

विक्रेत्याचा फोन जूनपासूनच बंद होता. हॉलवाल्यांकडे त्याचं फक्त नाव आणि तोच नंबर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं ते विक्रेत्याचा पत्ता आणि बिल. माझ्याकडे चिठ्ठी. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, पण नोटीस पाठवायची कुणाला? पोलीस ठाण्यात यूपीआयच्या नोंदीसह अर्ज दिला आहे. अजून काही हाती नाही. जीएसटी नंबर छापलेलं बिल त्या दिवशी हट्टानं मागितलं असतं, तर एक तर माल मिळाला नसता, किंवा माणूस सापडला असता.

यंदा आम्ही काय वापरतो तेही सांगतो, कारण खर्च त्याच्या निम्माही झाला नाही. अंगालगत फुटबॉलची पॉलिस्टर जर्सी, त्यावर साधं फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ, उबदार जॅकेट, वर टेप मारलेला जाड रेनसूट. तो वाजतो. म्हणून बेडकांजवळ जाऊन आम्ही दहा मिनिटं न हलता उभे राहतो, मग ते पुन्हा ओरडतात. सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत माणदेशातल्या धनगराकडून घेतलेलं घोंगडं असतं. वजन जास्त आहे, पण पुतण्या आता ते स्वतःच उचलतो.

परवा कराडहून मित्राचा फोन आला. तिथंही तसाच फलक लागलाय, शिकाऱ्यांचे कपडे, दोन दिवस. मी जॅकेट पिशवीत घालून संध्याकाळच्या एसटीनं निघतोय.