चिंतेसाठी समुपदेशन, सांगली-मिरजेत: कुठे जावं, काय मागावं

सांगलीत ‘टेन्शन’वर इलाज शोधणाऱ्यासमोर आज तीन पर्याय आहेत. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन, सरकारी रुग्णालयातली मनोविकार ओपीडी आणि खासगी समुपदेशक. तिन्ही सेवांना इथे एकच कसोटी लावली आहे: भेट संपताना माणसाच्या हातात पुढच्या आठवड्याचं काम पडतं का? जिथे नुसता धीर मिळतो ती सेवा चिंतेच्या माणसाला फार पुढे नेत नाही, मग समोरचे डॉक्टर कितीही गोड बोलोत.

कारण चिंता पोसली जाते ती धीरावरच. ‘काही होणार नाही’ ऐकलं की तासभर बरं वाटतं, आणि मन शिकतं की कुणीतरी सांगितलं म्हणून आपण निभावलो. मग पुन्हा विचारावंसं वाटतं. पावसाळ्यात हे सांगलीइतकं उघड दुसरीकडे क्वचितच दिसेल. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कर्नाळ रोड, दत्तनगर, मारुती चौक भागातल्या घरांत जुलै लागला की ‘आयर्विनला किती?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, हा प्रश्न सुरू होतो. कोयनेतून विसर्ग किती, ग्रुपवर नवा फोटो आला का, रात्री दोनला उठून मोबाइल. आता ही भीती खोटी नाही. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. अशा माणसाला ‘उगाच घाबरता’ म्हणणाऱ्या समुपदेशकाला सांगली कळलेली नाही.

जाणता समुपदेशक इथे दोन गोष्टी वेगळ्या करतो. जिच्यावर काही करता येतं ती काळजी कागदावर उतरवून घेतो: आपल्या उंबऱ्याला पाणी कितव्या फुटाला लागतं, त्याच्या किती आधी कागदपत्रं आणि औषधं वर न्यायची, गाडी कुणाकडे लावायची, आजींना कुणाकडे पाठवायचं. प्रत्येक ओळीपुढे फुटांचा आकडा आणि माणसाचं नाव. उरलेली काळजी, म्हणजे पाणी उतरत असतानाही दर दहा मिनिटांनी आकडा पाहणं, तिला वेळ बांधून देतो. अधिकृत आकडा सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मध्ये विचार आला तर वहीत एक ओळ लिहायची आणि संध्याकाळी ठरलेल्या २० मिनिटांत ती वही उघडायची. ही वेळ झोपेच्या तोंडावर ठेवायची नाही, हे सांगायला बरेच जण विसरतात आणि मग ‘उपाय लागू पडला नाही’ अशी तक्रार येते. पातळी खरोखर वाढत असेल आणि प्रशासनाने हलायला सांगितलं असेल, तर वही बाजूला ठेवून हलायचं. तेव्हा दिवसातून दोनदाच पाहण्याचा नियम लागू नाही.

आता सेवांकडे. टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६, चोवीस तास, मोफत. फोन लागल्यावर भाषा निवडायची असते, त्यात मराठी आहे. पहिल्या फळीत प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर तो पुढे तज्ज्ञांकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे जोडून देतो. जत, आटपाडी, शिराळ्यातून सांगलीला येण्यात ज्यांचा दिवस मोडतो, किंवा ‘मनोविकार’ असा बोर्ड असलेल्या दारात उभं राहायला ज्यांना संकोच वाटतो (गावात कोण पाहील याचा नेम नाही, हे खरंच आहे), त्यांनी सुरुवात इथूनच करावी. फोन करण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवा: त्रास कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, झोप किती तास, कोणत्या गोळ्या चालू, कोणतं काम त्रासामुळे थांबलं. घरात सगळे असतील तर गच्चीवरून किंवा रानातून करा, दबक्या आवाजात निम्मं सांगायचं राहून जातं.

फोनची मर्यादाही आहे. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असं धरून चालू नये, आणि काही महिने टप्प्याटप्प्याने करायचं काम फोनवर तुकड्यातुकड्यांत होतं. रात्रीची घालमेल, पहिली दिशा, कुठे जावं याचा सल्ला, यासाठी उत्तम. पूर्ण उपचार म्हणून अपुरा.

मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयांतल्या मनोविकार ओपीडीचं खरं बळ म्हणजे तपासणी. चिंता वाटणारं सगळं चिंताच नसतं. थायरॉइड जास्त चालत असेल तर हात थरथरतात, छाती धडधडते, वजन उतरतं. रक्त कमी असेल तरी दम लागतो. दिवसाला आठ-दहा कप चहा आणि जोडीला तंबाखू असेल तर धडधडीसाठी वेगळं कारण शोधायला नको. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि गरजेप्रमाणे ईसीजी आधी. छातीत पहिल्यांदाच दुखलं, वय चाळिशीपुढचं किंवा मधुमेह असेल, तर ‘पॅनिक (अचानक उसळलेली तीव्र भीती) असेल’ म्हणून घरी बसू नका. पॅनिक अटॅक साधारण १० मिनिटांत टोकाला जाऊन ओसरू लागतो, पण तो निष्कर्ष हृदय तपासल्यावर काढायचा.

गोळीचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा, समुपदेशकाचा नाही. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला २ ते ६ आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढूही शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी पाकीट फेकून देतो. उलट क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी लगेच बरं वाटतं, म्हणूनच त्यांची सवय लागते. मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर त्या महिनोन्‌महिने घेणं आणि एके दिवशी एकदम बंद करणं, दोन्ही धोक्याचं. ओपीडीची उणी बाजू उघड आहे: गर्दी. रांग मोठी असली की डॉक्टरांकडून पाऊण तासाच्या बोलण्याची अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे तपासणी आणि गोळी इथे, आणि दर आठवड्याची बैठक तिथल्याच सायकॉलॉजिस्टकडे मिळते का हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

खासगी समुपदेशकाकडे पैसे जातात ते या बैठकांसाठी. एक बैठक ४५ ते ६० मिनिटांची. विचार-वर्तन पद्धतीने (विचार आणि वागणं दोन्ही टप्प्याटप्प्याने बदलत) काम होत असेल तर साधारण १२ ते २० बैठका, सौम्य त्रासात कमी. पहिल्या भेटीत जीएडी-७ सारखी चिंता मोजणारी प्रश्नावली भरून घेतली जावी: गेल्या २ आठवड्यांबद्दल ७ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१ पैकी. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. हा आकडा म्हणजे निदान नव्हे, पण चार-पाच आठवड्यांनी पुन्हा भरला की गाडी हलते आहे की नाही ते दिसतं. आकडा तसाच असेल तर पद्धत बदलायची की डॉक्टरांकडे पाठवायचं, ही चर्चा समुपदेशकाने स्वतःहून काढायला हवी.

कामाचा गाभा कसा दिसतो ते एका उदाहरणावरून. समजा एका बाईंना गर्दीच्या बसमध्ये पॅनिक अटॅक आला आणि तेव्हापासून बस सुटली. समुपदेशक विचारतो, ‘काकू, नुसतं स्टँडवर उभं राहायचं म्हटलं तर भीती शंभरपैकी किती?’ उत्तर येतं वीस. थांबलेल्या बसमध्ये पाच मिनिटं बसणं, पस्तीस. जाऊबाईंना सोबत घेऊन विश्रामबागपर्यंत, पन्नास. एकटीने मिरजेपर्यंत दुपारी, सत्तर. तेच संध्याकाळच्या गर्दीत, पर्समध्ये ‘ती’ लगेच बरं वाटवणारी गोळी आणि पाण्याची बाटली न ठेवता, नव्वद. ही शिडी लिहून झाली की खालच्या पायरीपासून सुरुवात. एकच पायरी आठवड्यात चार-पाच वेळा, आणि भीती वर चढलेली असताना उतरायचं नाही. काम बिघडतं ते इथेच. मिरजेच्या वाटेवर वानलेसवाडीला धडधड वाढली म्हणून उतरलं की मन म्हणतं, ‘उतरलो म्हणून वाचलो’, आणि पुढच्या वेळी सत्तरचे ऐंशी होतात. तसं झालंच तर एक पायरी खाली येऊन पुन्हा सुरू करायचं.

श्वासाचा व्यायाम सगळेच शिकवतात: ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, पोट हलेल असा, ५ मिनिटं, दिवसातून दोनदा, शांत असताना. तो उपयोगी आहे, पण बसमध्ये भीती दाबायला तोच वापरला तर हा व्यायामच पर्समधल्या गोळीसारखी कुबडी होऊन बसतो. हा फरक न सांगणारे समुपदेशक बरेच आहेत आणि ही उणीव किरकोळ नाही.

विचारांची वहीही मागून घ्या. प्रसंग, मनात काय आलं, भीती किती, त्याला पुरावा काय, दुसरी शक्यता कोणती, आता भीती किती. ‘पुण्याला असलेला मुलगा फोन उचलत नाही, अपघात झाला असणार’ या ओळीपुढे ‘मागच्या वेळी उचलला नव्हता तेव्हा काय निघालं होतं?’ असा प्रश्न लिहिला की वही बोलायला लागते. रोज एक नोंद पुरे. दहा नोंदी करायला लावल्या की तिसऱ्या दिवशी वही बंद.

आपल्याकडचा एक खास अडथळा म्हणजे सोबत आलेलं घर. सासूबाई किंवा थोरले भाऊ आत बसले की सून बोलत नाही, आणि ‘काही नाही हो, विचार फार करते’ असं उत्तर दुसऱ्याकडूनच येतं. चांगल्या ठिकाणी आधी एकटीशी बोलणं होतं आणि शेवटची दहा मिनिटं, तिची परवानगी घेऊन, घरच्यांना आत बोलावतात. त्यांना एकच काम द्यायचं: ती वारंवार विचारेल तेव्हा धीर न देता ‘वहीत लिही’ म्हणायचं. घरच्यांना हे फार जड जातं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तेव्हासारखे मोजके अपवाद सोडले तर घरच्यांनाही परस्पर काही सांगितलं जाऊ नये.

पात्रता तपासायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो परिषदेच्या वेबसाइटवर पाहता येतो. फक्त ‘समुपदेशक’ असा बोर्ड असेल तर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी कुठली आणि कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारावं. आठवड्याच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर थाटलेली दुकानं सगळ्याच शहरांत आहेत.

विम्याचं म्हणाल, तर मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं असं तोच कायदा म्हणतो, पण बऱ्याच पॉलिसी ओपीडीचा खर्चच देत नाहीत, त्यामुळे समुपदेशनाची फी बहुधा खिशातूनच जाते. म्हणून वेळ घेण्याआधी फोनवरच चार प्रश्न विचारा: एका बैठकीची फी किती, ती किती मिनिटांची, घरी करायला काम देता का, आणि त्रास तीव्र असेल तर कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता. तिसऱ्या प्रश्नावर ‘काम कसलं, मन मोकळं करा’ असं उत्तर आलं, किंवा पहिल्या भेटीआधीच दहा बैठकांचं पॅकेज भरायला सांगितलं, तर दुसरा नंबर लावा.