डोळ्याखालची टायटॅनियम जाळी: सव्वा वर्षानंतरचा अनुभव

अंबडला बाईक घसरली, डाव्या डोळ्याखालचं हाड फुटलं आणि तिथे टायटॅनियमची जाळी बसली. माझी तक्रार जाळीबद्दल नाही. ती पुढे कधी, कसा त्रास देऊ शकते हे घरी सोडताना कोणी सांगितलं नाही, याबद्दल आहे.

डोळ्याच्या खोबणीचा तळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि त्याच्या खाली लगेच गालातलं सायनस, म्हणजे हाडातली हवेची पोकळी. तळ फुटला की डोळ्याभोवतीची चरबी, कधी स्नायूही, भोकातून खाली उतरतो. मग डोळा आत जातो, एकाचे दोन दिसतात. जाळी ते भोक झाकते, एवढंच तिचं काम.

ते तिने नीट केलंय. सुरुवातीला पांडवलेणीवरून उतरताना प्रत्येक पायरीला दोन कडा दिसायच्या, खरी कुठली ते पाय टेकल्यावरच कळायचं. आता अगदी खाली नजर टाकली तरच दोन दिसतात. डावा गाल आणि वरचा ओठ मात्र अजून अर्धवट बधिर. चहा पिताना थेंब ओघळला तरी पत्ता लागत नाही. पण ती नस खोबणीच्या तळातूनच जाते, हाड फुटलं तेव्हाच दुखावलेली. त्याचं खापर जाळीवर फोडणार नाही.

उशिरा होणारा त्रास काय असतो ते मला मामांमुळे कळलं. त्यांना तरुणपणी क्रिकेटचा बॉल लागला होता, तेव्हा सिलिकॉनची पट्टी बसवलेली. वीसेक वर्षं सगळं ठीक. मग एका सकाळी डोळा सुजून वर ढकलला गेला, दोन-दोन दिसायला लागलं. शरीर सिलिकॉनला चिकटत नाही, त्याच्याभोवती पिशवी तयार करतं. त्या पिशवीत रक्तस्राव झाला होता. पट्टी काढली. नवीन काही बसवावं लागलं नाही, कारण तोवर तयार झालेला जाड पडदाच डोळ्याला आधार द्यायला पुरला. त्यांचे जुने कागद कुठेच सापडले नाहीत, आत नेमकं काय बसवलंय हे शोधण्यातच वेळ गेला. टायटॅनियम सिटी स्कॅनवर पांढरंशुभ्र चमकतं, पण सच्छिद्र पॉलिइथिलीन (याच कामासाठी बसवतात ते एक प्लास्टिक) ओळखणं अवघड जातं. म्हणून इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या, फोटो काढून घरच्यांनाही पाठवा. माझ्या डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘इम्प्लांट’ एवढंच लिहिलं होतं. स्टिकरसाठी पुन्हा चकरा माराव्या लागल्या.

बरं, उशिराचा त्रास डोळ्यातच सुरू होईल असं नाही. एकाच बाजूचं सायनस सारखं भरणं, डोळ्यातून सतत पाणी येणं (पट्टी सरकून अश्रूंच्या वाटेवर दाबते), खालची पापणी खाली ओढली जाणं, पापणीजवळ न भरणारं छिद्र पडून पू येणं, हे सगळं वर्षांनंतरही होऊ शकतं. सर्दी समजून अंगावर काढू नका. डोळा अचानक पुढे आला किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरचे विचारतात, हाड जुळलं ना, मग जाळी काढून का टाकत नाही? त्रास नसेल तर काढत नाहीत. टायटॅनियमच्या भोकांतून मांस वाढतं, त्यामुळे ती सहसा सरकत नाही. पण काढायची वेळ आली तर ते चिकटलेलं मांस सोडवणं सर्जनलाही जड जातं, आणि डोळ्याची हालचाल अडकण्याचा धोकाही त्यातूनच येतो. एमआरआय लागला तर टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, मात्र टेक्निशियनला आधी सांगायचं. थंडीत गाल ठणकतो तेवढा ठणकू दे, माझी जाळी राहणार आहे तिथेच.