आयआयटीवाल्यांनी लेकराला पाजायला शिकवलं : हेल्थ स्पोकन ट्युटोरियलचा माझा अनुभव

चार महिन्यांपासून लिहायचं म्हणतेय पण लेकराच्या पाठीमागं वेळच मिळंना, आज तो आत्ताच झोपलाय आणि आई अंगणात शेंगा फोडत बसलीय तर लिहूनच टाकते. आयआयटी मुंबईचं हेल्थ स्पोकन ट्युटोरियल म्हणून एक काम आहे. बाळंतिणीनं काय खायचं, लेकराला अंगावर कसं पाजायचं, सहा महिन्यांनंतर वरचं खाणं कसं सुरू करायचं ह्याचे व्हिडिओ, मराठीत आहेत आणि फुकट आहेत. त्यातल्या पाजण्याच्या एका व्हिडिओमुळं माझं लेकरू सावरलं. म्हणून हा रिव्ह्यू व्हिडिओचा आहेच पण त्याच्यामागच्या माणसांचा जास्त आहे, कारण ही माणसं कोण हे मी नंतर शोधून शोधून वाचलं आणि मला वाटलं हे आपल्याकडच्या बायकांना माहीत पाहिजे.

आधी माझं सांगते. माहेर अहमदपूर तालुक्यात, पहिलं बाळंतपण म्हणून इकडंच आले. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात सिझर झालं, मुलगा, वजन 2 किलो 700 ग्रॅम. पहिल्या दिवशी मला उठून बसताच येत नव्हतं, टाके ओढायचे, तेवढ्यात नर्सबाईंनी येऊन लेकराचं डोकं मागून धरून छातीला दाबलं, ते किंचाळलं, दोनदा तसंच झालं आणि मग "हिला दूध उतरलं नाही अजून" म्हणून वाटी-चमच्यानं पावडरचं दूध सुरू. सुट्टी देताना पावडरचा एक छोटा डबा पण हातात दिला, फुकट. मला तर बरंच वाटलं तेव्हा, दवाखान्यातून दिलाय म्हणजे औषधच असंल. आपल्या देशात 1992 पासून कायदा आहे की पावडरच्या दुधाची जाहिरात करायची नाही आणि आईला फुकट डबे वाटायचे नाहीत, हे मला लेकरू तीन महिन्यांचं झाल्यावर कळलं.

घरी आल्यावर आईनं काय कमी केलं नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, खारीक-खोबरं, सगळं. पण पाजायला घेतलं की माझ्या डोळ्यातून पाणी, दोन्हीकडं चिरा पडलेल्या, रक्त यायचं. लेकरू पाच मिनिटं ओढायचं, सोडायचं, रडायचं, परत ओढायचं. रात्रभर तेच. मग भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगणार, "लेकरू उपाशी रडायलंय बाई, तुला दूध पुरंना गेलंय, डबा दे." कुणी म्हणलं आजीला पण नव्हतं, घराण्यातच नाही. आत्याबाईंचा (माझ्या सासूबाईंचा) फोन आला की त्याही तेच विचारायच्या, काळजीनंच विचारायच्या पण मला ते टोचायचं. मी दिवसातून तीन-चार वेळा पावडर द्यायला लागले आणि प्रत्येक वेळी वाटायचं आपण आई म्हणून नापास झालो.

एकविसाव्या दिवशी आशाताई आल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशानं सहा वेळा यायचं असतं, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. नवजात बाळाला घरी जाऊन बघायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून करून दाखवली होती, तिथून ती पुढं सरकारी योजनेत आली. तर आशाताईंनी झोळीचा काटा काढला, लेकराला झोळीत ठेवलं, काटा वर धरला. 2 किलो 600. तीन आठवडे झाले आणि लेकरू जन्मलं तेवढं पण नाही. आई तर खालीच बसली.

आशाताई रागावल्या नाहीत. आधी म्हणल्या चला, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवू, आजारपण तर नाही ना बघू. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नाही, दूध पोटात जात नाहीये नीट. मग त्याच दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, दार लोटून घेतलं, मोबाईल उशीला टेकवून उभा केला आणि म्हणल्या, "हे बघ ताई, मी पण ह्याच्यातच शिकलेय."

आता तो व्हिडिओ. लेकराला धरायच्या ज्या पद्धतीवर तो आहे तिला क्रॉस क्रेडल म्हणतात. आपण सगळ्याजणी काय करतो, ज्या बाजूला पाजायचं त्याच बाजूच्या हातावर लेकराचं डोकं घेतो, कोपराच्या खळग्यात. इथं उलटं आहे. उजव्या बाजूला पाजायचं तर लेकरू डाव्या हातात. डाव्या हाताचा अंगठा लेकराच्या एका कानामागं, बोटं दुसऱ्या कानामागं, तळहाताचा मनगटाकडचा भाग त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधी, आणि डोक्याला मागून अजिबात दाबायचं नाही. लेकराचं पोट आपल्या अंगाला चिकटलेलं. दुसऱ्या हातानं खालून छाती धरायची, इंग्रजी यू अक्षरासारखी, बोंडापासून तीन बोटं लांब.

मग येतो वडापाव. वडापाव खाताना आपण तो आडवा धरतो, बोटं ओठांना समांतर, म्हणजे मोठा घास घेता येतो. उभा धरला तर तोंडात मावंल का? लेकराचं पण तसंच, आपली बोटं त्याच्या ओठांना समांतर पाहिजेत तर त्याला मोठा घास मिळतो. हे ऐकलं आणि मी आशाताईंच्या तोंडाकडं बघायला लागले. एकवीस दिवस मी लेकराला उभा वडापाव देत होते! नुसतं बोंड त्याच्या तोंडात, म्हणून चिरा, म्हणून दूध येईना. दूध बोंडात नसतंच, त्याच्या मागं काळ्या भागाच्या खाली असतं, आणि ते दाबलं गेलं तरच येतं. लेकराचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडायची वाट बघायची, मग आपण वाकायचं नाही, लेकराला छातीजवळ आणायचं, हनुवटी आधी रुतली पाहिजे. नंतर बघायचं, खालचा ओठ बाहेरच्या बाजूला वळलाय का, आणि काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतोय का.

पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्या वेळी पण नाही. आशाताई व्हिडिओ थांबवायच्या, माझं बोट धरून सरकवायच्या, परत चालू करायच्या, असं चार-पाच वेळा झालं, मला घाम फुटला. आणि मग एकदा लागलं. दुखलंच नाही. मला आधी वाटलं सुटलं म्हणून, खाली बघितलं तर लेकराचा गाल भरलेला आणि घुटके घ्यायचा आवाज, घट्... घट्... संथ. तो आवाज मी एकवीस दिवसात ऐकलाच नव्हता. आई दाराआडून ऐकत होती, ती आत आली आणि काहीच न बोलता लेकराच्या पायावरून हात फिरवत बसली.

अठ्ठाविसाव्या दिवशी 2 किलो 800. बेचाळिसाव्या दिवशी 3 किलो 220. ह्या वयात लेकरू दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढलं पाहिजे म्हणतात, तेवढं बरोबर वाढलं. पावडर एकदम बंद केली नाही, डॉक्टरांना विचारत विचारत हळूहळू कमी केली आणि दोन महिन्यांच्या आत सुटली. (ज्यांना खरंच गरज आहे, आजारपण आहे, त्यांनी पावडर दिली म्हणून मनाला लावून घेऊ नका, माझं म्हणणं तसं नाही. माझं म्हणणं एवढंच की मला दूध होतं आणि मला कुणी धरायला शिकवलं नव्हतं.)

आता माणसांबद्दल. स्पोकन ट्युटोरियल हे मुळात आरोग्याचं कामच नव्हतं. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य म्हणून केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, त्यांनी ते कॉम्प्युटर शिकवायला सुरू केलं, फुकट वापरता येणारी सॉफ्टवेअर खेड्यापाड्यातल्या कॉलेजच्या पोरांनी मास्तर नसताना आपलं आपण शिकावी म्हणून. पद्धत अशी की छोटा व्हिडिओ, एक गोष्ट सांगायची, तेवढी करून बघायची, मग पुढची. आणि चित्र एकच राहतं, आवाज फक्त भाषेप्रमाणे बदलतो. म्हणजे एकदा नीट बनवलं की तमिळमध्ये, मराठीत, बंगालीत, पाहिजे तेवढ्या भाषांत नेता येतं. हीच पद्धत मग बाळंतिणीसाठी वापरली. ह्या व्हिडिओंमागचं डॉक्टरी ज्ञान आहे डॉ. रूपल दलाल यांचं, त्या लहान मुलांच्या डॉक्टर आणि आयआयटीच्याच 'सितारा' केंद्राशी जोडलेल्या. सितारा म्हणजे खेड्यांना लागणारं तंत्रज्ञान शोधायचं केंद्र, 1985 पासून आहे.

मला ह्यात काय भावलं सांगू का, ह्या लोकांनी "बाळाला अंगावरच पाजा" एवढं सांगून सोडलं नाही. ते तर दवाखान्याच्या भिंतीवर पण लिहिलेलं असतं, माझ्या समोरच्या भिंतीवर होतं, त्या भिंतीखालीच मला डबा दिला. ह्यांनी अंगठा कुठं, करंगळी कुठं, तीन बोटं अंतर म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे सगळं सुटं सुटं करून बघितलं. मशीन दुरुस्त करणारा माणूस जसा एकेक स्क्रू बघतो तसं बाईच्या हाताकडं बघितलं. आणि बाईला दोष दिला नाही. पूर्ण व्हिडिओत एकदा पण असं वाटत नाही की आपल्याला कुणी रागावतंय. ज्यांनी ह्याचं मराठी केलं आणि आवाज दिला त्यांचे पण मनापासून आभार, त्या बायांची नावं घराघरात कुणाला माहीत होणार नाहीत.

आता जे पटलं नाही ते पण सांगते. मराठी फार पुस्तकी आहे. माझी आई सातवी शिकलेली, तिला अर्धं कळलं, अर्धं मी सांगितलं. शेजारच्या काकूंना तर तो बातम्यांचा आवाजच वाटला. चित्र एकच आणि आवाज वेगळा अशी पद्धत आहेच, तर मग आपल्या मराठवाडी बोलीत एक आवाज का देता येणार नाही? लातूर, नांदेड, अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजं आहेत, नर्सिंगच्या पोरी आहेत ज्या घरी हीच भाषा बोलतात, त्यांना घेऊन करा की. दुसरं, व्हिडिओ खूप आहेत पण नव्या बाळंतिणीनं आधी कोणता बघायचा हे सापडत नाही, माझ्यासारखी एकटी शोधत बसली असती तर पाककृतींमध्येच अडकली असती. "पहिल्या तीन दिवसात हे बघा" असं मोठ्या अक्षरात वरच पाहिजे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एकटीनं बघून हे जमत नाही. मला तरी जमलं नसतं. आपले दोन्ही हात लेकरात गुंतलेले, व्हिडिओ थांबवणार कोण? आणि आपलं बोट चुकलंय हे आपल्याला वरून दिसतच नाही. शिवाय घरात सासरे, दीर असतात, आवाज मोठा करता येत नाही. त्यामुळं आशाताईंना मी ह्या कामाचा अर्धा भाग समजते, जरी आयआयटीच्या कागदावर त्यांचं नाव कुठं नसलं तरी. नुसती लिंक पाठवणाऱ्या मला तीन मैत्रिणी होत्या, बसणारी एकच होती.

वरच्या खाण्याचे व्हिडिओ सध्या चालू आहेत आमच्याकडं, लेकरू आता सात महिन्यांचं, 7 किलो 400. त्यात शेवग्याच्या पाल्याची पावडर, कढीपत्त्याची पावडर, मोड आलेली कडधान्यं, दाणे आणि बिया कुटून केलेली पूड असं सांगितलंय. बदाम-अक्रोड रोज घालणं आम्हाला परवडणारं नाही, मी शेंगदाणे, तीळ, जवस, कारळ घेतलं, सगळं घरचं. शेवगा तर परड्यातच आहे, एवढी वर्षं आम्ही नुसत्या शेंगा खाल्ल्या आणि पाला शेळीला टाकला. मऊ वरणात एक चमचा पूड घातली की लेकरू तोंड उघडून बसतंय. राष्ट्रीय पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांच्या आतली 35.2 टक्के लेकरं उंचीनं खुरटलेली निघाली, तिनातलं एक. पाल्याची पूड करताना मला तो आकडा आठवतो, कारण आमच्या गल्लीत तीन लेकरं आहेत.

आणखी एक. आमच्या गावातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या जातात, बायका पोटुशी असल्या तरी जातात, तिकडं कोपीत (झोपडीत) बाळंत होतात, रेंज नसती, आशा नसती. आशाताईंनी ह्या वर्षी मुकादमाच्या बायकोच्या फोनमध्ये पाजण्याचा व्हिडिओ उतरवून दिलाय आणि तिला एका बाहुलीवर करून पण दाखवलंय. मी तेव्हा तिथंच होते, माझं लेकरू घेऊन, आणि बाहुलीचं झाल्यावर म्हणलं आता खऱ्यावर बघा, आणि सगळ्यांसमोर पाजून दाखवलं. पाच-सहा जणी होत्या. एकीनं विचारलं, हे शिकवणारा मास्तर कोण, तर म्हणलं मुंबईला इंजिनिअरिंगचे सर आहेत एक आणि एक डॉक्टरीणबाई.

माझी जाऊबाई दिवाळीच्या आसपास बाळंत होणार आहे, सिझर सांगितलंय. तिच्या फोनमध्ये आत्तापासूनच घालून ठेवलाय, आणि आत्याबाईंना सांगितलंय की दवाखान्यात पहिले दोन दिवस तिच्याजवळ मी राहणार. लेकरू उठलं वाटतं, थांबते.